कायमचा बिघाड

पांढरकवड्याच्या जुन्या बसस्थानकामागे, पंक्चरच्या दुकानावरच्या मजल्यावर प्रकल्पाचे कार्यालय होते. जिना बाहेरून होता, लोखंडी होता, आणि हैदराबादकडे निघालेला एखादा अवजड ट्रक खालून गेला की त्याच्या पायऱ्या बारीक किणकिणत. वर तीन खोल्या. पहिलीत प्रकल्प अधिकारी नीळकंठराव बसत. दुसरीत प्रशिक्षणाच्या सतरंज्या आणि तक्ते रचून ठेवलेले असत. तिसऱ्या, बिनखिडकीच्या खोलीत सर्व्हर होता, आणि त्या खोलीचा कारभार धम्मरत्न नगराळेकडे होता.

धम्मरत्न चौतिशीचा. अमरावतीला अभियांत्रिकी शिकला, दोन वर्षे पुण्यात राहिला आणि आईसाठी केळापूरला परतला. कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअर-कार्यक्रमाचा एक्केचाळीस पानांचा परवाना-करार जिल्ह्यात फक्त त्यानेच वाचला असेल, असे नीळकंठराव थट्टेने म्हणत, आणि ते खरेही होते.

दोन हजार सतराचा तो पावसाळा. कापूस डोक्याच्या बरोबरीला आला होता, आणि एवढ्या उंच पिकात शिरून फवारणी करणाऱ्यांच्या तोंडावर, डोळ्यांत औषध परतून येत होते. कुणाला उलट्या होत, कुणाची नजर धूसर होई. म्हणून एका संस्थेने गावोगावच्या आरोग्यसखींना टॅब दिले होते. सखीने आजाऱ्याचे नाव, फवारलेले औषध आणि लक्षणे लिहायची. रेंजमध्ये येऊन पाठवायची. पांढरकवड्याच्या सर्व्हरवर लाल खूण उमटली की डॉक्टरांची गाडी निघे. नोंद पोचली तर गाडी. नोंद नाही पोचली तर काहीच नाही.

सर्व्हरचा परवाना दीडशे उपकरणांचा होता. ऑगस्टमध्ये आणखी बारा टॅब आले. वाढीव परवान्यांची मागणी मुख्यालयात अडकली. एकशे बासष्ट उपकरणे आणि दीडशे जागा. धम्मरत्नने यावर तोड काढली. दर शुक्रवारी तो यादी उघडी, तीन आठवडे मुका राहिलेला एखादा टॅब शोधी, त्याचा परवाना काढून रांगेतल्या टॅबला देई. काढलेले उपकरण पुन्हा संपर्कात आले की त्यावरची प्रकल्पाची सगळी माहिती आपोआप पुसली जाई. परवाना नाही त्याने माहितीही ठेवू नये, अशी करारातली अटच होती. तीन आठवडे मुका असलेला टॅब पेटीत पडून असणार, त्यात पुसण्यासारखे काय असणार, असे तो स्वतःला सांगे. करारात आणखी एक अट होती. एका उपकरणाचा परवाना नव्वद दिवसांच्या आत दुसऱ्याला देता येत नाही. उपकरण कायमचे निकामी झाले तरच येतो. ही अट तो दर शुक्रवारी मोडत होता, आणि ते त्याला माहीत होते.

बावीस सप्टेंबरच्या शुक्रवारी त्याने तीन उपकरणे काढली. त्यांतले एक एकशे सतरा क्रमांकाचे होते. मोहदरी तांडा. सखी: धनीबाई बाबूसिंग राठोड.

मोहदरीला रेंज नाही, हे त्याला ठाऊक होते. प्रशिक्षणाच्या दिवशी धनीबाईनेच सगळ्यांना हसवत सांगितले होते, "सायेब, तुमच्या या डब्बीले हवा लागते. टेकडीवर नेला का बोलते, घरी आनला का मुका." दर सोमवारी अकराच्या सुमारास ती नाला ओलांडून टेकडीवर जाई आणि आठवड्याच्या नोंदी पाठवी. सप्टेंबरात नाला तुडुंब भरला आणि तिचे तीन सोमवार चुकले. यादीत त्याचे एकच रूप दिसत होते: पंचवीस दिवस, संपर्क नाही.

चौथ्या सोमवारी पाणी उतरले. त्याच पहाटे तिचा धाकटा दीर रूपसिंग उठला तो डोळ्यांपुढे धूर दिसतो म्हणत. आदल्या दिवशी त्याने दिवसभर फवारणी केली होती. तिने त्याची नोंद घेतली, बाविसावी, आणि टेकडी चढली. हिरवे वर्तुळ फिरले आणि पडदा पांढरा झाला. एकूण एक नोंदी गेल्या होत्या. एरवीही नोंदी पोचल्या की यादी रिकामी होत असे. तिला वाटले, पोचले.

ती खाली येऊन गाडीची वाट पाहत बसली. गाडी यापूर्वी दोनदा आली होती, दोन्ही वेळा दोन तासांच्या आत. त्या दिवशी संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तांड्याच्या तोंडाशी माणूस उभा ठेवला होता. मग मालवाहू ऑटोत घालून रूपसिंगला पांढरकवड्याला, तिथून यवतमाळला नेले. जीव वाचला. नजर गेली.

बुधवारी धनीबाई जिना चढून आली. नीळकंठराव यवतमाळला बैठकीला गेले होते. तिने पदरात गुंडाळलेला टॅब काढून टेबलावर ठेवला.

"सायेब, म्या पाठोलं होतं. हिरवा गोल फिरला अन् पडदा पांढरा झाला. गाडी काहून नाई आली?"

धम्मरत्नने टॅब हातात घेतला. काच अखंड होती, पुसलेली होती; तिच्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. काय झाले ते त्याला तेवढ्यातच कळले.

"बघतो मी," तो म्हणाला. "टॅब इथेच राहू द्या."

मुख्यालयाला त्याच दिवशी कारण हवे होते. प्रपत्र इंग्रजीत होते आणि त्यात चार पर्याय होते: हरवले, चोरीस गेले, कायमचा बिघाड, परवाना दुसऱ्या उपकरणास दिला. चौथ्या चौकोनावर त्याची लेखणी बराच वेळ टेकून राहिली. मग ती वरच्या ओळीवर सरकली. तपशिलात त्याने लिहिले की टेकडीवर हाताळताना उपकरण दगडावर पडले, पडदा फुटला आणि आतील साठवण निकामी झाली. वाक्य व्याकरणशुद्ध होते.

खाली सखीची सही लागत होती. धनीबाईने एकेक अक्षर जपून काढले. शेवटची वेलांटी देऊन तिने मान वर केली.

"काय लिवलं जी याच्यात?"

"टॅब जमा केल्याचं आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि लेखणीला टोपण लावून तिने ती त्याच्यासमोर सरळ रेषेत ठेवली.

ती गेल्यावर त्याने टॅब कापडी पिशवीत घातला आणि सर्व्हरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपाआड ठेवला. किल्ली एकच होती आणि ती त्याच्याकडे असे.

दहा दिवसांनी धनीबाईला कामावरून कमी केल्याचे पत्र गेले. उपकरणाची निष्काळजी हाताळणी, असे कारण होते. पत्र छापायला संगणक त्याचाच वापरला गेला.

दसरा होऊन गेला होता. त्या आठवड्यात त्याने टॅब बाहेर काढला, तो एका हेतूने. त्यात नवा कार्यक्रम घालावा, 'दुरुस्त झाला' म्हणावे, आणि जमल्यास धनीबाईला परत बोलवावे. एवढी भरपाई आपल्या हातात आहे, असे त्याला वाटत होते. पिशवीतून टॅब सरकवताना त्याचे बोट डाव्या कोपऱ्यावर अडखळले. नखाने ओढल्यासारखी एक रेघ तिथे होती. केसाइतकी बारीक, दोन बोटे लांब.

त्याने ती ओल्या फडक्याने पुसून पाहिली. गेली नाही. खोली बिनखिडकीची, उष्णता साठते. काचेला ताण बसून असे होऊ शकते, असा त्याने विचार केला. विचार पटण्यासारखा होता. टॅब त्याने परत ठेवला, आणि का कोण जाणे, उपडा ठेवला.

दिवाळीच्या बाजाराला म्हणून त्याची आई मथुराबाई पांढरकवड्याला आली होती. ती तीस वर्षे बालवाडीत मदतनीस होती. आसपासच्या गावांतल्या बाया तिला ओळखत. घरी परतल्यावर तिने ताट वाढले आणि समोर बसली.

"बाजारात मोहदरीच्या बाया भेटल्या," ती म्हणाली. "त्यायच्या तांड्यातली ते धनीबाई. तिनं मशीन पाडली, अन् म्हून तिच्या देराचे डोये गेले, म्हणे. खरं हाय का रे?"

धम्मरत्नच्या हातात घास होता.

"बोल ना बापा."

"हो," तो म्हणाला. "पडली तिच्या हातून."

"बिचारी," ती म्हणाली. "आता जल्मभर त्याच घरात त्याच देराले जेवाले वाढन ते. तू गेलता का तिच्या घरी?"

"जाईन."

"जाजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडल्यावर तो आधी कपाटाकडे गेला. रेघ आता रेघ राहिली नव्हती. डाव्या कोपऱ्यातून ती निघाली होती आणि मध्याशी येऊन तिला तीन फाटे फुटले होते.

तो खुर्चीत बसला आणि त्याने शिस्तीने विचार केला. कुलूप शाबूत. किल्ली त्याच्याच खिशात. कपाट भिंतीला टेकून. भिंतीपलीकडे रस्ता, ट्रक, कंप. कंप असेल. तडा एकदा पडला की वाढतो. हे सगळे त्याने एका कागदावर ओळीने लिहिले आणि कागद फाडून टाकला, कारण त्यातली एकही ओळ खोटी नव्हती आणि तरी त्यातली एकही त्याला पटत नव्हती.

ऑक्टोबरच्या शेवटी परवाना देणाऱ्या कंपनीला दरवर्षीचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असे. इतके परवाने, इतकी उपकरणे, इतके बदल, प्रत्येक बदलाचे कारण. नीळकंठरावांनी मसुदा चाळला.

"एकशे सतरा, कायमचा बिघाड," ते वाचत म्हणाले. "तो फुटका टॅब ना? टाकून द्या की हो एकदाचा. त्या दिवशी पिशवीत हात घातला तर काच घुसली होती माझ्या बोटात."

धम्मरत्नने वर पाहिले. "कोणत्या दिवशी, सर?"

"ती बाई घेऊन आली तेव्हा. पॉलिथिनमध्ये होता. खुळखुळत होत्या काचा."

"तुम्ही त्या दिवशी यवतमाळला होतात."

"असं?" अंगठ्याने नीळकंठरावांनी तर्जनीचे टोक चाचपले. "मग संध्याकाळी आल्यावर असेल. मला तर स्वच्छ आठवतं. असो, सही करा."

ऐकीव गोष्ट माणूस पाहिल्यासारखी सांगतो. अहवाल त्यांनी तीनदा वाचला असेल. अशी समजूत घालून त्याने सही केली. त्याची सही सुबक होती. ती करताना त्याला धनीबाईने जपून काढलेली अक्षरे आठवली, आणि त्याचे कान तापले.

त्या दुपारी त्याने सर्व्हरची नोंदवही उघडली. ही नोंदवही कार्यक्रम स्वतः ठेवतो. ती कोणाला खोडता येत नाही, त्यालाही नाही. बावीस सप्टेंबर, शुक्रवार. त्याने काढलेली उपकरणे तीन असायला हवी होती. तिथे दोन होती.

त्याने आधीचा शुक्रवार पाहिला, नंतरचा पाहिला. क्रमांकाने शोधले. सप्टेंबरात एकशे सतराची एकच ओळ होती. पंचवीस सप्टेंबर, सोमवार, सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटे. परवाना लागू. त्यानंतर संपर्क तुटला.

म्हणजे आज्ञा दिलीच नव्हती. परवाना काढलाच नव्हता. दीडशे जागा, दीडशे उपकरणे, एक कायमचा बिघाड. यादी इतकी स्वच्छ त्या वर्षात कधीच नव्हती.

तो उठला आणि कपाट उघडले. पिशवी उचलताना ती खुळखुळली. टॅबच्या मध्यभागी बोट बुडेल असा खळगा होता, आणि त्याच्याभोवती तडे दूरवर गेले होते. तड्यांमध्ये काहीतरी भरले होते. त्याने ते टाचणीने काढून तळहातावर घेतले. तांबूस मुरूम होता.

पांढरकवड्याची माती काळी आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने नीळकंठरावांसमोर बसून सारे सांगितले. शुक्रवारची पद्धत, काढलेला परवाना, पुसलेल्या नोंदी, चौथा चौकोन. सांगताना त्याने मान खाली घातली नाही. ती आपोआप गेली. नीळकंठरावांनी शांतपणे ऐकून घेतले. ते सज्जन होते. त्यांनी नोंदवही पाहिली, टॅब पाहिला, आणि चहा मागवला.

"धम्मरत्न, तुम्ही किती दिवस झाले सुट्टी घेतली नाही?"

"सर, मी खोटं लिहिलं."

"हे बघा, एका माणसाचे डोळे गेले. त्याचं तुम्हाला लागलं, हे तुमच्या चांगुलपणाचं आहे. पण कागद काय सांगतो? मशीन काय सांगतं? टॅब समोर पडलाय फुटून." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "न केलेला गुन्हा कबूल करू नये माणसाने. घरी जा. आईजवळ बसा."

त्या हाताच्या उबेची त्याला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

आता एकच माणूस उरले होते. धनीबाईला खरे माहीत होते. ती तिथे होती. तिच्या तोंडून ते निघाले की कागद, यंत्र आणि काच यांना काय वाटेल ते सांगू दे. तांड्यासमोर उभे राहून तो सांगेल, दोष हिचा नव्हता. एवढे झाले तरी पुष्कळ होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो मोटारसायकलने निघाला. वेचणी चालू होती. बोंडअळीने पोखरलेला, पिवळट कापूस बाया तोंड बारीक करून वेचत होत्या. मोहदरीला पोचेपर्यंत साडेदहा झाले. तांडा टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या अलीकडे होता. नाल्यात आता घोटाभर पाणी होते.

निंबाखाली बाजेवर एक तरुण बसला होता. डोळे उघडे होते, पण ते धम्मरत्नच्या खांद्यापलीकडे पाहत होते.

"गाडी जुनी हाय," तो म्हणाला. "चैन ढिली झाली तिची. कोन जी?"

"मी पांढरकवड्याच्या ऑफिसातून. धम्मरत्न."

"टॅबवाले सायेब! या या." रूपसिंगने बाज थोपटली. "बसा. मले उठाले लावू नका, मी कोनत्या बाजूले तोंड करीन याचा भरोसा नाई." तो हसला, आणि घराच्या दिशेला हाक मारली. "भाबी! सायेब आले. चा मांड."

धनीबाई बाहेर आली. ती वाळली होती. तिने पाणी आणून दिले आणि जमिनीवर बसली. त्याने तिला बाजेवर बसायला सांगितले. ती बसली नाही. मग तोही खाली बसला.

"ताई, मी माफी मागायला आलो आहे."

"कायची?"

त्याने सांगितले. सोप्या शब्दांत, पायरीपायरीने, काही न लपवता. टॅब पडला नव्हता. जागा कमी होत्या म्हणून त्याने तिची जागा काढून घेतली, आणि त्या सोमवारी टेकडीवर नोंदी त्याच्यामुळे पुसल्या गेल्या. कागदावर त्याने खोटे लिहून तिची सही घेतली. शेवटी तो रूपसिंगकडे वळला आणि म्हणाला, "तुमची गाडी माझ्यामुळे आली नाही."

निंबावर एक साळुंकी कलकलत होती.

"सायेब," धनीबाई हळू आवाजात म्हणाली, "तुमी कायले अंगावर घेता? टॅब म्या पाडला."

"नाही, ताई. तुम्ही आणला तेव्हा तो चांगला होता. तुम्हीच म्हणालात, हिरवा गोल फिरला आणि पडदा पांढरा झाला."

"भेवलेली होती न जी मी. म्हून तसं बोलली." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "घाम आलता हाताले. सटकला. दगडावर आपटला. म्या किती डाव उलटा-सुलटा केला, पन काच नुसती गयत होती. पदरात बांधून आनला तुमच्याकडं."

"असं कोण म्हणालं तुम्हाला? तांड्यातले लोक?"

"लोक कायले? मी होती ना तठी."

"मी बी आयकला आवाज," रूपसिंग म्हणाला.

धम्मरत्नने त्याच्याकडे पाहिले.

"याच बाजीवर पडून होतो. डोये चुरचुरत होते म्हून फडकं बांधलं होतं. कान तर उघडे होते." त्याने तळहात तळहातावर आपटला. "फट्ट!"

"टेकडीचा माथा अर्धा कोस लांब आहे, रूपसिंग."

"हो ना जी." त्याचे तोंड थोडे बारीक झाले. "मले बी वाटते, येवढ्या दुरून कसा काय आला. पन आलता."

धनीबाईने आत जाऊन चहा आणला. तो कोणीच प्यायले नाही.

"मी याले सांगतलं," धनीबाई म्हणाली. "माफ कर म्हनलं. हा म्हनते, जाऊ दे. पन मले बाया आता नावं नाई लिवू देत. मी बी नाई लिवत. माह्या हातात राह्यलं नाई, सायेब." आणि मग ती त्याच्या समजुतीसाठी, एखाद्या आजाऱ्याशी बोलावे तसे म्हणाली, "चाला. जागा दाखोतो तुमाले. मंग तुमच्या जिवाले बरं वाटन."

तो उठला. तिथे काही सापडणार नाही, हे त्याला दाखवता येईल. कोरडा खडक दाखवता येईल. तिला पटेल.

नाला ओलांडून दोघे चढू लागली. तो या टेकडीवर कधीच आला नव्हता. मोहदरीलाही पहिल्यांदाच आला होता. वाट तांबड्या मुरमाची होती आणि पायाखाली सरकत होती. धनीबाई पुढे होती. ऊन चढले होते.

माथ्यापाशी ती थांबली. खिशातला त्याचा फोन थरथरला. रेंज आली होती.

समोर काळे दगड विखुरले होते. तिने एका चपट्या दगडाकडे बोट केले.

"हा पाहा. याच्यावर."

त्याने वाकून पाहिले. दगड स्वच्छ होता. त्यावर वाळलेले गवत आणि मुंग्या होत्या. दुसरे काही नव्हते.

त्याला सुटल्यासारखे वाटले. बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले. पाहा ताई, इथे काही नाही, असे तो म्हणणार होता.

"हा नाही," त्याच्या तोंडून निघाले. "त्याच्या खालचा. पांढरी शीर आहे तो."

धनीबाईने वळून पाहिले. दोन पावले खाली, बाभळीच्या झुडपाआड, पांढरी शीर असलेला एक दगड होता. ती तिथे गेली, गुडघ्यांवर बसली आणि मुरूम हाताने बाजूला केला. बोटांच्या चिमटीत तिने काहीतरी उचलून उन्हात धरले. ते चमकले.

"हो जी," ती म्हणाली. "हाच होता. माह्या ध्यानातून गेलतं."

त्याला कसे माहीत, हे तिने विचारले नाही. तिने तो तुकडा पदरात ठेवला, आणखी शोधला, आणखी ठेवला. वारा पडला होता. खाली तांड्यात रूपसिंग कुणाला तरी हाक मारत होता आणि ती हाक अगदी जवळून यावी तशी ऐकू येत होती.

धम्मरत्न होता तिथेच उभा होता. आपल्या मनात आता लाज उरलेली नाही, हे त्याला जाणवले. तिच्या जागी ऊन होते, मुरूम होता, आणि एक लहानसा, कोरडा आवाज होता. त्याने खाली पाहिले. त्याचा डावा हात घामाने ओला होता, आणि बोटे, नुकतेच काही निसटून गेल्यासारखी, अजून अर्धवट उघडी होती.